चार्लीचं पान

मी एक वही आहे. लाँग बुक, दोनशे पानी, दोऱ्यानं शिवलेली. माझ्या खाकी कव्हरावर लाल बॉलपेननं लिहिलंय, 'कु. राजेश्वरी, नर्सिंग, प्रथम वर्ष'. त्या अक्षरांवर आता लोणच्याच्या तेलाचा गोल डाग पडलाय.

आधीच सांगून टाकते, मी चिडलेली आहे. वहीनं एवढं काय चिडायचं असं वाटत असेल, तर तुमच्या डोक्यावर कुणी वर्षानुवर्षं लोणच्याची बरणी ठेवलेली नाही, एवढंच मी म्हणेन. पण माझा राग बरणीवर नाही. घरातल्या एका माणसाला एक उत्तर हवं होतं, ते माझ्यात लिहिलेलं होतं, आणि माझ्याच मालकिणीनं ते पान फाडून नेलं. राग त्याचा आहे.

मला सांगलीत विकत घेतलं ते राजेश्वरीच्या वडिलांनी, केरबांनी. कराडजवळच्या एका गावातले हे लोक. केरबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता घरचा ऊस बघतात. मुलीला नर्सिंगच्या हॉस्टेलवर सोडायला आले होते. ट्रंक आत गेली, गादी आत गेली, तरी त्यांचा पाय निघेना. मग हॉस्टेलच्या पायरीवर बसून त्यांनी दाढीच्या डब्यातली छोटी कात्री काढली आणि माझ्या पानांच्या कडा पायरीपायरीनं कापल्या. डिक्शनरीला असतात तशा. प्रत्येक पायरीवर एक इंग्रजी अक्षर लिहिलं, आणि लिहिताना म्हणत गेले, "अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा..."

सिग्नलमध्ये चोवीस वर्षं वायरलेसवर बोललेला माणूस तो. ए, बी, सी, डी असं त्यांच्या तोंडून कधी आलंच नाही. वायरलेसवर खरखर असते, अक्षर चुकलं तर माणसं चुकीच्या टेकडीवर जातात, असं ते लेकीला सांगत होते. राजेश्वरी लाजून इकडेतिकडे बघत होती, कारण बाकीच्या मुली हसत होत्या.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आजारांची नावं पुढ्यात आली की मुली रडतात. राजेश्वरीही रडली, माझ्या पहिल्याच पानावर अजून तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं पसरलेली शाई आहे. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की ही नावं पाठ करायची नसतात. भुईमुगाच्या शेंगेसारखी फोडायची असतात. आत दोन-तीन दाणे निघतात आणि तेच दाणे पुन्हा दुसऱ्या शेंगेत भेटतात.

एकदा तिला ते कळलं आणि मग माझी चांदी झाली. हिपॅट म्हणजे यकृत. नेफ्र म्हणजे मूत्रपिंड. ऑस्टिओ म्हणजे हाड. शेवटी आयटिस आलं की तिथं सूज. अल्जिया आलं की दुखणं. ईमिया म्हणजे रक्तात काहीतरी. हायपर म्हणजे जास्त, त्याला तिनं वर जाणारा बाण काढला. हायपो म्हणजे कमी, त्याला खाली जाणारा. मेगाली म्हणजे आकारानं वाढलेलं. मेसच्या मावशी मुलींना एक पोळी जास्त वाढायच्या, म्हणून मुलींनी त्यांचं नाव कार्डिओमेगाली ठेवलं होतं, मोठ्या मनाच्या म्हणून. खऱ्या कार्डिओमेगालीत माणसाला धाप लागते हे त्यांना माहीत होतं, पण विशीच्या मुलींना काय.

सुट्टीला राजेश्वरी घरी आली की केरबा मला मांडीवर घ्यायचे आणि तिची परीक्षा घ्यायचे. त्यांना मधलं काही कळत नव्हतं, पण ते पायरीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे. "चार्ली, पयला शब्द." ती म्हणायची, कार्डिओ, हृदय. "दुसरा." कार्सिनो, कर्करोग. त्या शब्दापुढं तिनं खेकडा काढला होता, कारण मूळ शब्दाचा अर्थच खेकडा. केरबा तो बघून पोट धरून हसले होते. म्हणाले, "येक नांगी कुठं गेली गं ह्येची? ओढ्याला चल माझ्यासंगं, खेकडा कसा असतो दावतो तुला."

राजेश्वरीची आई शालूबाई लांबून ऐकायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, डॉक्टरनं ऑस्टिओआर्थरायटिस लिहून दिलं होतं आणि त्या नावाच्या भीतीनं त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. राजेश्वरीनं मला उघडून दाखवलं. हे हाड, हा सांधा, ही सूज. शालूबाई म्हणाल्या, "म्हंजे गुडघं धरल्यात असंच की. मग येवढं भ्या कशापायी घालतात?" आणि ताट वाढून घेतलं.

ते दिवस आठवले की मला वाटतं, माझ्या जन्माचं सार्थक तेव्हाच झालं. एक मोठं नाव फुटलं आणि एक बाई जेवली.

मग राजेश्वरी पास झाली, कराडात एका दवाखान्यात लागली, मलकापुरात खोली करून राहू लागली. मी गावाकडं राहिले. टीव्हीच्या वरच्या फळीवर, आणि माझ्यावर ती बरणी.

फळीवरून घर नीट दिसतं. आजारपणात माणसं कशी वागतात ते मी वर्षानुवर्षं बघितलंय आणि माझं डोकं फिरलंय. डॉक्टर विचारतो कसल्या गोळ्या चालू आहेत, हे सांगतात, पांढऱ्या. डॉक्टर विचारतो आजाराचं नाव काय सांगितलं होतं, हे सांगतात, कायतरी इंग्रजीत होतं. जुनी फाईल नव्या डॉक्टरला दाखवत नाहीत, बघू तर खरं, ह्याला कळतंय का. आणि नाव जरा वाईट असलं की ते ज्याचं आहे त्यालाच सांगत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर केरबांच्या पोटात जळजळ सुरू झाली. आधी सोडा पिऊन झाला, मग जिरं चावून झालं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. फौजेतला जुना पट्टा त्यांनी अजून सोडला नव्हता, त्याला दाभणानं दोन नवी भोकं पाडली. शेवटी राजेश्वरीनं रजा काढली आणि त्यांना सांगलीला नेलं. दुर्बीण घातली, तुकडा तपासायला दिला.

रिपोर्ट आणायला ती एकटी गेली आणि परस्पर घरी आली. केरबा उसाला पाणी पाजायला गेले होते. घरात शालूबाई होत्या आणि केरबांचे थोरले भाऊ, भाऊसो. घरातला कुठलाही निर्णय त्यांना विचारल्याशिवाय होत नाही. राजेश्वरीनं कागद उघडून वाचून दाखवला. ॲडिनो म्हणजे ग्रंथी. कार्सिनो. ओमा म्हणजे गाठ. शालूबाई खाली बसल्या. यावेळी नाव फोडून कुणाची भूक परत येणार नव्हती.

राजेश्वरीनं सांगितलं की आजार अजून जठरातच आहे, डॉक्टर म्हणतात लवकर ऑपरेशन करून तो भाग काढून टाकू, आणि आबांना, म्हणजे केरबांना, सगळं सांगा. भाऊसोंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ऑपरेशन करायचं. पर नाव सांगायचं न्हाई. आपल्या भावकीतल्या आप्पासोला सांगितलं, धा दिवसांत गडी आडवा झाला. आजारानं न्हाई, नावानं ग्येला. केरबाला सूज हाय म्हणून सांगायचं."

राजेश्वरी शिकलेली होती. तिनं वाद घातला, मी ऐकला. पण तो फार वेळ टिकला नाही. मला वाटतं, आत कुठंतरी तिलाही ते नको होतं. दुसऱ्यांच्या बापांना सांगणं वेगळं.

फाईल ती दुसऱ्या दिवशी मलकापूरला घेऊन जाणार होती, तिथं कुणी बघणार नव्हतं. फाईल पिशवीत भरताना तिची नजर फळीवर गेली आणि माझ्यावर थांबली. आबांना काही अडलं की ते वही काढणार हे तिला ठाऊक होतं. तिनं बरणी बाजूला ठेवली, मला उघडलं, तिसरी पायरी धरली आणि पान मुळापासून फाडलं. कार्डिओ गेलं, कार्सिनो गेलं, खेकडा गेला. घडी करून तिनं ते पर्समध्ये टाकलं आणि बरणी पुन्हा माझ्यावर ठेवली. आधी तिनं वाद घातला होता हे मला मान्य आहे. तरी तिनं ते केलं.

संध्याकाळी केरबा आले. राजेश्वरीनंच त्यांना सांगितलं, गॅस्ट्रायटिस आहे. जठराला सूज. छोटंसं ऑपरेशन करायचं.

इथून पुढं जे झालं ते तुम्हीही ओळखलं असेल. त्या घरात कुणाला कसं ओळखता आलं नाही, याचं मला नवल वाटतं. केरबा म्हणाले, सूज हाय ना, मग गोळ्या द्या. सुजंसाठी कोण पोट फाडून घेतंय? पहिली तारीख आली तेव्हा ऊसतोडीची टोळी रानात होती, ते गेले नाहीत. दुसरी तारीख आली तेव्हा गोळ्यांनी चार दिवस बरं वाटत होतं, तेव्हाही गेले नाहीत. शालूबाई मागं लागल्या, "आवं, जावा की येकदा." तर ते चिडले. तुला दवाखान्याची हौस आली असंल तर तू जा, म्हणाले.

शालूबाई मऊ भात शिजवायच्या आणि चुलीकडं तोंड करून रडायच्या. राजेश्वरी फोनवर समजवायची. भाऊसो रोज येऊन बसायचे, गड्या, मनावर घे, डॉक्टर काय उगा सांगतोय का, म्हणायचे. तिघंही एकच गोष्ट सोडून सगळं बोलत होते. आणि पट्ट्याला तिसरं भोक पडलं.

मी फळीवर नुसती धुमसत होते. अरे, तुम्ही त्याला छोटी गोष्ट सांगितली, तर तो छोट्या गोष्टीसारखाच वागणार ना! चोवीस वर्षं हुकूम पाळलेला माणूस आहे तो. टेकडीवर काय आहे ते सांगा, मग बघा चढतो की नाही. पण वहीला तोंड नसतं. वहीला उघडावं लागतं.

दोन महिने असे गेले.

मग एका रविवारी दुपारी केरबा तिसऱ्या तारखेचं कार्ड हातात घेऊन बसले होते. घरात कुणी नव्हतं. फाईल लपवली होती, पण कार्ड त्यांच्याजवळच होतं, कारण त्यावर तारीख होती. तारखेखाली इंग्रजीत ऑपरेशनचं नाव होतं आणि ते कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. केरबांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर वायरलेससारखं वाचलं. "गोल्फ, अल्फा, सिएरा, टँगो..." मग उठले, बरणी उचलली आणि मला खाली घेतलं.

शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याच कागदाचं दुसरं टोक सुटं होतं. मास्तर त्यासाठीच ओरडायचे. राजेश्वरी ते विसरली होती. केरबांनी मला उघडलं आणि गोल्फचं पान अलगद सुटून त्यांच्या मांडीवर पडलं. त्यावर पहिलाच शब्द होता. गॅस्ट्र, जठर.

त्यांनी ते पान बाजूला ठेवलं आणि कार्डावरचं उरलेलं अर्धं नाव शोधलं. एकोचं पान. एक्टॉमी, कापून काढून टाकणे. मग इंडियाचं पान. आयटिस, सूज. हे तिन्ही त्यांनी परत परत वाचले. जठर. काढून टाकणे. सूज. मी त्यांच्या मांडीवर होते, त्यांचा श्वास मला कळत होता.

मग ते सुटं पान जागेवर लावावं म्हणून त्यांनी पायऱ्यांवरून अंगठा फिरवला, जसा हॉस्टेलच्या पायरीवर फिरवला होता. अल्फा. ब्राव्हो. डेल्टा. अंगठा मागं आला. अल्फा. ब्राव्हो. डेल्टा. शिवणीजवळ राहिलेली कागदाची फाटकी कड त्यांनी नखानं चाचपली.

कुणाला हाक मारली नाही, फोन केला नाही. मला मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. रविवारी राजेश्वरी संध्याकाळी यायची. ती आली, चपला काढल्या, आत आली आणि मला बघून दारातच थांबली. मागोमाग शालूबाईही आल्या.

"राजे," केरबा म्हणाले, "चार्ली कुठाय?"

तिचा हात पर्सकडं गेला.

"दुसरा शब्द व्हता त्या पानावर. त्येच्यापुढं तू खेकडा काढला व्हतास, येका नांगीचा. मी हसलो व्हतो." ते थांबले. "त्योच हाय न्हवं माझ्या पोटात?"

राजेश्वरीनं मान डोलावली. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. केरबांचा आवाज चढला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की फौजेत पोस्टवरच्या माणसाला वाईट बातमी आधी देतात. ती दाबून ठेवली, तर तो बिनघोर बसतो आणि बसल्या जागी मरतो. आपण दोन महिने ऊस बघत बसलो. त्यांनी शालूबाईंकडं बघितलं. "तुलाबी ठावं व्हतं?" शालूबाईंनी तोंड चुलीकडं फिरवलं, आणि मला वाटतं, त्या माणसाला खरी जखम तिथं झाली.

मग राजेश्वरीनं पर्स उघडली. पान तिनं टाकलं नव्हतं. दोन महिने औषधांच्या पट्ट्या आणि बसच्या पासाबरोबर ते तिच्याजवळच होतं, घडीवर विरत चाललं होतं. पर्समधलीच दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी काढून तिनं ते माझ्यात जागेवर चिकटवलं. केरबांनी पायऱ्यांवरून अंगठा फिरवला. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. म्हणाले, "ह्या तारखंला जायाचं. भाऊसोला मी सांगतो."

भाऊसोंना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ऑपरेशनच्या दिवशी सांगलीला जाणाऱ्या गाडीत भाऊसो पुढं फाईल मांडीवर घेऊन बसले होते. मी मागं कापडी पिशवीत होते, टॉवेल आणि तांब्याच्या मधे.

ऑपरेशन नीट झालं. काढलेल्या भागाचा रिपोर्ट काही दिवसांनी आला. डॉक्टरांनी राजेश्वरीला बाहेर बोलावलं. ती परत आली, पलंगाशेजारी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सगळं चांगलं हाय, आबा."

तो आवाज मी ओळखला. पान फाडल्यानंतर संध्याकाळी सूज म्हणून सांगतानाचा तोच आवाज. एवढं होऊनही! मला वाटलं, पिशवीतून उडी मारून हिच्या डोक्यावर आपटावं.

आवाज केरबांनीही ओळखला. त्यांनी नळ्या लावलेला हात लांब करून मला पिशवीतून ओढलं, चार्लीचं पान उघडलं आणि तिच्यापुढं धरलं.

"तोंडानं सांगू नगंस," ते म्हणाले. "हितं लिही. माझ्यासमोर."

तिनं पेन काढलं. मग खेकड्याच्या खाली, जिथं जागा होती तिथं, तिनं लिहिलं: गाठ पूर्ण निघाली. शेजारच्या तीन ग्रंथींत पोचली होती, त्याही काढल्या. केमो घ्यावी लागेल. पुढचं आत्ताच सांगता येत नाही. इथं पेन थांबलं. केरबा वाट बघत राहिले. मग तिनं आणखी एक ओळ लिहिली: डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आला असतात तर गाठ कदाचित ग्रंथींपर्यंत गेली नसती.

केरबांनी ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट जास्त वेळ थांबलं. राजेश्वरी खाली मान घालून बसली होती. त्यांनी तिला वर तारीख घालायला आणि खाली सही करायला सांगितलं, वायरलेसच्या निरोपाला करतात तशी. तिनं केली.

"मेसेज मिळाला," ते म्हणाले, आणि तिचं मनगट धरून डोळे मिटून पडून राहिले.

आता केमो चालू आहे. केरबांचे केस गेले, भाऊसो त्यांना टोपी आणून देतात आणि स्वतःहून आजाराचं नाव घेऊन विचारपूस करतात, जरा अडखळत. मी आता फळीवर नाही, पलंगाजवळ असते. बरणीला दुसरी जागा मिळाली. म्हणून माझा राग गेला असं समजू नका. ते दोन महिने मला कुणी परत आणून दिलेले नाहीत, आणि मी ते कुणाच्याच नावावरून खोडायला तयार नाही, राजेश्वरीच्याही नाही.

तुमच्या घरातही अशी एखादी वही असेल, फाईल असेल, गादीखाली सरकवलेला रिपोर्ट असेल. ज्याचा आहे त्याला वाचू द्या. त्याला वाचता येत नसेल, तर शेजारी बसून फोडून सांगा. मग तुमचं रडणं रडा, मी काही म्हणणार नाही.

त्या चिकटपट्टीनं माझं एक पान जाड झालंय. पूर्वी मला कुठूनही उघडता यायचं. आता कुणीही उघडलं, कशासाठीही उघडलं, तरी मी आधी त्याच पानावर उघडते.